पहिलं क्रेडिट कार्ड आणि बंदीचे दोन महिने

वाचकाचं पत्र

ताई, मी मालवणची. रत्नागिरीत हॉस्टेलला राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. वय १९. बाबांची छोटी इंजिनाची बोट आहे. आई सीझनमध्ये घरीच न्याहारी-निवास चालवते. मी इथे चार मुलांच्या शिकवण्या घेते, त्याचे महिन्याला ३,२०० रुपये येतात. मे महिन्यात घरी आईच्या हाताखाली असते, तेव्हा ती मला वेगळे पैसे देते. असे साठवून साठवून खात्यात २२,००० झालेत.

मागच्या आठवड्यात कॉलेजबाहेर एका बँकेचं टेबल लागलं होतं. ‘स्टुडंट कार्ड, लाइफटाइम फ्री’ म्हणाले. मी फॉर्म भरला, सही केली, पॅन कार्डाची झेरॉक्सही दिली. उत्पन्नाचा रकाना मी कोरा ठेवला होता. तिथला मुलगा म्हणाला, ‘महिना २५,००० लिहून टाकू, कोण बघतंय?’ आणि त्यानेच आकडा घातला. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

मैत्रिणी म्हणतात, घे, कॅशबॅक मिळतो, नो कॉस्ट ईएमआयवर फोनही येईल. माझा फोन खरंच संपत आलाय, १८,००० चा एक बघून ठेवलाय. मुंबईची आत्या तिच्या कार्डावर माझ्या नावाचं अ‍ॅड-ऑन कार्ड काढून द्यायला तयार आहे. पदवीनंतर एम.एस्सी.ला बाहेर जायचं तर कर्ज लागेल आणि त्यासाठी आतापासून सिबिल स्कोअर, म्हणजे उधारी वेळेवर फेडतो का हे दाखवणारा पतीचा आकडा, हवा, असंही ऐकलंय. बाबा एवढंच म्हणाले, ‘उधारीच्या वाटेक जाव नको गो.’ मी कुठलं कार्ड घेऊ? की घेऊच नको?

— एक विद्यार्थिनी, मालवण

उत्तर

आधी त्या फॉर्मचं बघू, कारण ते थांबण्यासारखं नाही.

आकडा त्या मुलाने घातला हे तुला माहीत आहे, पण कागदावर सही तुझी आहे. त्याचं काम फॉर्म गोळा करण्याचं. पुढे ते बिल तुला झेपेल का, हे बघायला तो कॉलेजच्या गेटवर परत येणार नाही. म्हणून आजच बँकेच्या ग्राहक सेवेला ईमेल कर. लांबलचक काही नको. अमुक तारखेला अमुक ठिकाणी अर्ज दिला, त्यातला उत्पन्नाचा आकडा मी सांगितलेला नाही, मी विद्यार्थिनी आहे आणि शिकवण्यांचे महिना ३,२०० रुपये एवढंच माझं नियमित उत्पन्न आहे, हा अर्ज मी मागे घेते आहे, कृपया कार्ड देऊ नये, असं लिही. ईमेलची प्रत आणि बँकेचं उत्तर, दोन्ही जपून ठेव.

त्यातूनही कार्ड घरी आलंच, तर ते सुरू करू नकोस. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये कार्डांबाबत जे निर्देश काढले, त्यात ही सोय आहे. कार्ड दिल्यापासून ३० दिवसांत ग्राहकाने ते सुरू केलं नाही, तर बँकेला ओटीपीने त्याची संमती विचारावी लागते. संमती मिळाली नाही, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते खातं एक पैसाही न घेता बंद करावं लागतं. म्हणजे तू गप्प राहिलीस तरी ते कार्ड तुझ्या गळ्यात पडत नाही. फक्त एवढं सांभाळ: ‘मॅडम, कार्ड अ‍ॅक्टिव्ह करायला ओटीपी आलाय तो सांगा’ असा फोन आला तर सांगू नकोस. बँकेने ईमेलला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, आणि १४४४८ या नंबरवर माहिती मिळते.

तू चार दिवसांत पत्र लिहून विचारलंस, हे फार चांगलं केलंस. आता नीट झोप.

आता मूळ प्रश्न. माझं मत स्पष्ट सांगते. कार्ड घ्यायला हरकत नाही, पण ते तुझ्याच नावावरच्या मुदत ठेवीवर मिळणारं, लहान मर्यादेचं असावं, आणि मे महिन्याचे पैसे हातात आल्यावर घ्यावंस. घेतलं नाहीस तरी तुझं काही बिघडत नाही. फोन मात्र त्या कार्डावर घेऊ नकोस. असं का म्हणते, ते नीट समजून घे, कारण तुझ्या मैत्रिणींचं आणि तुझं गणित एक नाही.

तुमच्या घरात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, बोट पावसासाठी किनाऱ्यावर ओढून शाकारलेली, झाकून ठेवलेली. पर्यटक येतात ते दिवाळीपासून मेपर्यंत, पाऊस सुरू झाला की आईच्या खोल्या रिकाम्या. तुझ्या शिकवण्या परीक्षा संपल्या की थांबतात, त्या शाळा सुरू होऊन मुलं स्थिरावली की पुन्हा सुरू होतात. कोकणात घरोघरी हेच आहे. कुणाचं वर्ष आंब्यावर, कुणाचं काजूवर, कुणाचं मासळीवर. गावातल्या किराणा दुकानदाराला हे ठाऊक असतं. जून-जुलैचं सामान तो वहीत लिहून ठेवतो आणि बोटी उतरल्या की मागतो. कार्डाचं बिल मात्र आषाढातही ठरलेल्या तारखेलाच येतं, आणि त्या तारखेला पूर्ण भरलं नाही तर व्याज लागतं. बाबा ‘उधारी नको’ म्हणतात, त्यामागे हे सगळं आहे. त्यांना कार्डाचे नियम माहीत नसतील, पण रिकाम्या महिन्यात देणं अंगावर आलं की काय होतं, हे त्यांना चांगलं माहीत आहे.

म्हणून कार्डाची मर्यादा ठरवताना मे महिन्याकडे बघू नकोस, जुलैकडे बघ. जुलैत तुझ्या हातात जेवढे पैसे असतात, तेवढंच बिल तुला परवडतं.

हे आकड्यांत दाखवते. समज, तू ते गेटवरचं कार्ड घेतलंस आणि १५ जूनला १८,००० चा फोन घेतलास. बिलाची तारीख दर महिन्याची १०, आणि पैसे भरायची शेवटची तारीख ३०. तर १० जुलैला बिल आलं. त्यात दोन आकडे छापलेले असतात. एक ‘एकूण देय’, १८,०००. दुसरा ‘किमान देय’, साधारण पाच टक्के, म्हणजे ९००. जुलै आहे, शिकवण्या नुकत्याच सुरू झाल्यात, खात्यात फारसं नाही. तू ३० जुलैला ९०० भरलेस. बँकेचा आभाराचा मेसेज आला, उशिराचा दंड लागला नाही. तुला वाटलं, निभावलं.

१० ऑगस्टच्या बिलात व्याज दिसतं. बहुतेक कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. आणि पूर्ण बिल भरलं नाही, की ते शेवटच्या तारखेपासून नव्हे, खरेदीच्या दिवसापासून मोजतात. १५ जून ते ३० जुलै, ४५ दिवस, १८,००० वर: ९३२ रुपये. पुढचे ११ दिवस उरलेल्या १७,१०० वर: २१६ रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी: २०७ रुपये. सगळे मिळून १,३५५. तू ९०० भरलेस, आणि देणं १८,००० वरून १८,४५५ वर गेलं. शिवाय मागची बाकी शिल्लक असेपर्यंत कार्डावर नवीन काही घेतलंस, तर त्याला बिनव्याजी मुदत मिळत नाही. रिचार्ज केला तरी व्याज त्याच दिवसापासून सुरू.

या व्याजाला वरून कुणाचा चाप नाही, हेही माहीत असू दे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावरच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला.

याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे. दर महिन्याला एकूण देय रक्कम पूर्ण भरणाऱ्याला कार्डावर एक रुपयाही व्याज लागत नाही. बिल १० तारखेला निघत असेल, तर ११ जूनला घेतलेल्या वस्तूचे पैसे ३० जुलैला द्यायचे, जवळजवळ पन्नास दिवस मिळतात. ९ जुलैला घेतलेल्या वस्तूला मात्र २१ दिवसच. ‘पन्नास दिवस बिनव्याजी’ ही जाहिरात त्यामुळे खोटी नाही, पण ते पन्नास दिवस प्रत्येक खरेदीला मिळत नाहीत.

आता तुझ्यापुढचे रस्ते. नेहमीचं, बिनतारणाचं कार्ड तुझ्यासाठी नाही. रिझर्व्ह बँकेने कार्ड देताना अर्जदाराचं स्वतःचं उत्पन्न तपासायला सांगितलंय, आणि बऱ्याच बँका त्यासाठी २१ वर्षं वय आणि पगाराचा किंवा व्यवसायाचा पुरावा मागतात. तुझ्याकडे तो नाही, म्हणून तर त्या मुलाला २५,००० लिहावे लागले. एखादं कार्ड मिळवायला खोटं लिहावं लागत असेल, तर त्या कार्डाच्या मर्यादाही त्या खोट्या उत्पन्नाच्या मापाने ठरतात. २५,००० कमावणाऱ्याला मिळते तेवढी मर्यादा तुझ्या हातात येईल, आणि बिल ३,२०० मधून भरायचं असेल.

आत्याचं अ‍ॅड-ऑन. आत्याचं मन मोठं आहे, तिला जरूर सांग की तुला ते जाणवलं. पण अ‍ॅड-ऑन कार्डावरचा सगळा खर्च मुख्य कार्डधारकाच्या बिलात जातो आणि देणंही त्याचंच असतं. तुझा हप्ता चुकला तर डाग आत्याच्या नावावर. आणि तू सगळं वेळेवर भरलंस तरी ती पत जमा होते आत्याच्याच खात्यात, तुझा स्कोअर त्यातून उभा राहत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी तुला कार्ड हवंय, ते कारणच पुरं होत नाही. वर गणपतीत सगळे जमले असताना ‘तुझ्या कार्डाचे किती झाले’ हा विषय निघणं नको. नात्यातले पैसे नात्यालाच जड होतात.

उरतं मुदत ठेवीवरचं कार्ड. तू बँकेत तुझ्या नावाने ठेव ठेवतेस आणि तिच्या साधारण ८० ते ९० टक्के मर्यादेचं कार्ड बँक देते. १८ पूर्ण झालेल्याला ते मिळतं, पगाराची स्लिप लागत नाही, आधीचा स्कोअर लागत नाही. ठेवीवर व्याज चालूच राहतं. पैसे थकले तर बँक ठेव मोडून वसूल करते, त्यामुळे तिलाही धास्ती नसते. तुझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की या कार्डाची नोंद सिबिलकडे इतर कुठल्याही कार्डासारखीच जाते. सहा महिने वापरून वेळेवर भरलंस की साधारण स्कोअर दिसायला लागतो.

ठेव किती रुपयांची, हे बँकेगणिक वेगळं. काहींना दहा-पंधरा हजार चालतात, काही पंचवीसच्या खाली घेत नाहीत. तुझं बचत खातं जिथे आहे तिथे आधी विचार. १५,००० पर्यंत जमत असेल तर तेवढीच ठेव. मर्यादा बारा-साडेबारा हजारांच्या आसपास मिळेल, ती तुला भरपूर आहे. उरलेले ७,००० बचत खात्यात मोकळे राहू देत. ठेव एकदा कार्डाला बांधली की कार्ड बंद करेपर्यंत हात लावता येत नाही, आणि हॉस्टेलला राहणाऱ्या मुलीकडे दवाखान्याचे, अचानक घरी जायचे पैसे हाताशी हवेतच. बँक पंचवीसच मागत असेल, तर दुसरी बँक बघ. त्यासाठी कुणाकडून पैसे आणू नकोस.

शाखेत गेलीस की घाई न करता विचार. वार्षिक फी आहे का, असेल तर पहिल्या वर्षानंतर किती? ‘वर्षाला पन्नास हजार खर्च केलेत तर फी माफ’ असली अट असेल तर ते कार्ड तुझ्यासाठी नाही, फी वाचवायला तू खर्च वाढवत बसशील. व्याजाचा दर महिन्याला किती? ठेव मुदत संपल्यावर आपोआप पुढे चालू राहते ना? कार्ड बंद केलं की ठेव किती दिवसांत मोकळी होते? सगळ्या अटींचा एक पानी तक्ता द्यायला बँक बांधील आहे, तो मागून घे आणि हॉस्टेलवर जाऊन वाच, सही दुसऱ्या दिवशी कर. ‘लाइफटाइम फ्री’ म्हणजे प्रवेश फी आणि वार्षिक फी नाही, एवढाच त्याचा अर्थ. उशिराचा दंड, व्याज, रोख काढण्याचं शुल्क हे सगळं असतंच.

रोख काढण्याचं नाव निघालं म्हणून सांगते, क्रेडिट कार्ड घालून एटीएममधून पैसे काढू नकोस, कितीही अडलं तरी. काढल्या दिवसापासून व्याज, आणि वर शुल्क, ते बऱ्याच बँकांत किमान ५०० रुपये. हजार काढले तर पाचशे तिथेच गेले.

कॅशबॅक, पॉइंट, विमानतळावरचं लाउंज यांची तुलना करण्यात वेळ घालवू नकोस. महिन्याला हजार-दीड हजार खर्च करणाऱ्याला त्यातून काही मोठं मिळत नाही. त्यापेक्षा कार्ड रुपे नेटवर्कचं आहे का ते बघ. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, आणि आपल्याकडे ते कामाचं आहे, कारण झेरॉक्सवाल्याकडे, मेडिकलमध्ये कार्डाचं मशीन नसलं तरी क्यूआर असतो. मात्र तो दुकानाच्या नावाचा, व्यापारी क्यूआर लागतो. मासळी बाजारात बसलेल्या मावशींचा क्यूआर बहुधा त्यांच्या स्वतःच्या बचत खात्याचा असतो, तिथे क्रेडिट कार्डातून पैसे जात नाहीत. मैत्रिणीलाही पाठवता येत नाहीत.

कार्ड आलं की पहिल्याच दिवशी अ‍ॅपमध्ये जाऊन ‘ऑटो पे’ लाव. तिथे दोन पर्याय दिसतील, ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’. एकूण देय निवड. हा एक टिचभर चौकोन चुकला की वर सांगितलेलं गणित सुरू होतं, आणि सगळं आपोआप भरलं जातंय अशा समजुतीत महिने जातात. दुसरं, तारखा. शिकवण्यांचे पैसे तुला महिन्याच्या पाच-सात तारखेपर्यंत मिळत असतील, तर भरायची शेवटची तारीख १० ते १५ च्या दरम्यान येईल असं बिलाचं चक्र मागून घे. बिलाचं चक्र निदान एकदा तरी बदलून घ्यायचा हक्क रिझर्व्ह बँकेने ग्राहकाला दिलेला आहे. शाखेत कुणी ‘होत नाही’ म्हणालं तर ग्राहक सेवेला लिही.

वापर कशासाठी? मोबाइल रिचार्ज, पुस्तकं, झेरॉक्स, औषधं. ज्याचे पैसे तुझ्या खात्यात आत्ता आहेत, तेवढंच. मर्यादा बारा हजार असली तरी बिल साडेतीन हजारांच्या आत ठेव. मर्यादेच्या तीस टक्क्यांहून कमी वापर स्कोअरला बरा समजतात, आणि तुझ्या महिन्याच्या कमाईशीही ते जुळतं. जून-जुलैत मात्र रिचार्जपुरतंच. दोन महिने शिकवण्या नसतील तर तेवढं बिल खात्यातल्या मोकळ्या पैशांतून जाईल. एखादा महिना अगदी विसरलीस तर धावत जाऊन भर. तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच बँक दंड लावू शकते किंवा सिबिलकडे थकबाकी कळवू शकते. पण ही सवलत अपघातापुरती आहे.

आता फोन. नो कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाइतकी सूट आधी दाखवतात आणि मग तेच व्याज हप्त्यात घेतात. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुझ्याच माथी. १८,००० च्या फोनला सहा हप्त्यांत हे तीन-चारशे रुपये होतात. ती रक्कम मोठी नाही. माझी अडचण ३,००० च्या हप्त्याशी आहे. तुझी कमाईच ३,२०० आहे, म्हणजे सहा महिने तू फक्त फोनसाठी शिकवणार, आणि त्यातले दोन महिने शिकवण्या नसतील तर हप्ता कशातून देणार? स्क्रीन फुटली असेल किंवा बॅटरी गेली असेल तर दुकानात दाखव, परीक्षेपर्यंत चालला तरी पुरे. मे महिन्याचे पैसे आले की रोखीने घे. १८ ऐवजी १२ चा बघ. अभ्यासाची ॲप, व्हिडिओ, पीडीएफ यांना तेवढा पुरतो. आणि फोन खरंच आजच लागणार असेल, तर मग २२,००० मधून फोन घे आणि कार्ड पुढच्या वर्षावर टाक. दोन्ही एकदम नको.

कारण कार्डाची घाई तुला वाटते तेवढी नाही. एम.एस्सी.च्या कर्जासाठी कार्ड असलंच पाहिजे, हे खरं नाही. शैक्षणिक कर्जात आई किंवा बाबा सहकर्जदार असतात आणि बँक मुख्यतः त्यांची पत बघते. ज्याने आधी कधी कर्ज घेतलं नाही, त्याचा अर्ज केवळ स्कोअर नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेनेही बँकांना सांगितलंय. रिकामी पाटी चालते. खराब झालेली पाटी मात्र आडवी येते. चुकलेला हप्ता वर्षानुवर्षं दिसतो. तेव्हा स्कोअर ‘बनवायच्या’ नादात बिघडवून घेण्यापेक्षा नसलेला बरा.

त्यापेक्षा या सुट्टीत एक काम कर. बाबांच्या नावाचा पत अहवाल काढून बघ. देशात चार पत माहिती कंपन्या आहेत, सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा नियम आहे. बोटीचं जुनं कर्ज फेडूनही ‘चालू’ दिसतंय का, बाबा कुणाला जामीन राहिले होते त्याचं काही थकलंय का, हे त्यात कळतं. जामीनकीची कर्जंही तिथे दिसतात, आणि आपल्याकडे शेजाऱ्याला, भावाला नाही म्हणता येत नाही म्हणून केलेल्या सह्या माणूस विसरून जातो. चुकीची नोंद असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला वेळ लागतो. एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या आठवड्यात हे कळून उपयोग नाही.

फसवणुकीबद्दल थोडंच. ‘मर्यादा वाढवून देतो’, ‘पॉइंट आज संपतायत’ म्हणून फोन येतील, व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल येईल, ती उघडली की फोनमध्ये परकं अॅप बसतं. तुझ्या स्पष्ट संमतीशिवाय बँक मर्यादा वाढवू शकत नाही, आणि त्यासाठी ती ओटीपी तोंडी विचारत नाही. परदेशी व्यवहार अ‍ॅपमध्ये बंदच असू देत. काही गेलंच तर त्याच मिनिटाला बँकेत कार्ड ब्लॉक कर आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर. लाजेने रात्र घालवली की पैसे पुढे सरकतात.

आणि आता ते, जे तू पत्रात लिहिलं नाहीस पण मला दिसतंय. तुझ्याकडे कार्ड आलं की जुलैच्या शेवटी घरात कुणीतरी म्हणेल, ‘तुझा कार्ड हा मां?’ बोट उतरवायची असते, डिझेल भरायचं असतं, बर्फ, खलाशांना उचल, आणि हातात अजून एक पैसा आलेला नसतो. तू नाही म्हणू शकणार नाहीस, आणि नाही म्हणावंसं तुला वाटणारही नाही. बोट बाहेर पडली तरच घर चालणार. पण ४२ टक्क्यांच्या पैशावर बोट उतरवू नये, विशेषतः त्यासाठी खूप स्वस्त पैसा मिळत असताना.

किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळतं. नावात किसान असल्यामुळे आपल्याकडे बरेच जण चौकशीच करत नाहीत. डिझेल, बर्फ, मजुरी, बंदरावरचं शुल्क हा सगळा खेळता खर्च त्यात बसतो. व्याज ७ टक्के, आणि वेळेवर फेडलं तर ३ टक्क्यांची सवलत, म्हणजे प्रत्यक्षात ४ टक्के. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, असाही नियम झालाय. इंजिन बदलायचं असेल तर ते वेगळं मुदतीचं कर्ज, ते यात धरू नका. बाबांना घेऊन तूच शाखेत जा. बोटीची नोंदणी, मासेमारीचा परवाना, आधार, पॅन, बँक पासबुक बरोबर ने. जवळच्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयातही चौकशी कर. बंदी सुरू झाली की लगेच, जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज द्या. कागद तपासून मंजुरी यायला वेळ लागतो, आणि पैसे नारळी पौर्णिमेच्या आधी हातात यायला हवेत.